तीन धडधाकट बेअरिंगं

माझ्या उजव्या कानात एक शिटी वाजते. आत्ता हे लिहिताना सुद्धा वाजतेय. बारीक, सलग, दम न खाता. शिटी देण्याआधी कुकर नुसता सुंई करतो ना, तशी. फक्त हा कुकर गेली सहा वर्षं गॅसवरून कुणी उतरवलेला नाही. डाव्या कानातही एक आहे, पण ती धाकटी. थोरलीसमोर फारसं तोंड उघडत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "सुमनताई, तुमच्या गिरणीच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, "बाई, मला गिरण चालवता येते, लेखणी नाही." त्या म्हणाल्या, "मग जसं बोलता तसंच लिहा." आता हे त्यांनी सांगायला नको होतं. मी बोलायला लागले की रांगेतली पोती संपतात, माझं बोलणं संपत नाही. पण पानं दिलीच आहेत तर ह्या शिटीचंच सांगते. तिच्यापायी मी तीन धडधाकट बेअरिंगं भंगारात घातली, एका चांगल्या मिस्त्रीशी भांडले, आणि गिरणीची चावी हातची जायची वेळ आली होती.

आमची भातगिरण बोर्ली पंचतनच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणाल. वर एक चौकोनी हौदी असते. त्यात शेतातून आलेलं भात सालासकट ओततात. आत दोन रबरी रूळ एकमेकांच्या उलट फिरतात, त्यांच्यामधून दाणा दाबून गेला की साल सुटतं. त्या सालाला तूस म्हणतात. पंखा ते मागच्या खोलीत उडवून देतो. मग दाणा घासून कोंडा काढायचा, आणि खाली डब्यात तांदूळ. हे सगळं फिरवतो एक लोखंडी दांडा, आणि तो दांडा ज्या पोलादी कड्यांत फिरतो ती बेअरिंगं. कड्यातल्या गोळ्या झिजल्या की बेअरिंग ओरडायला लागतं. वेळेवर ऐकलं तर एक कडं बदलून भागतं. नाही ऐकलं तर ते दांडाच खाऊन टाकतं, आणि ऐन हंगामात दांडा गेला म्हणजे पंधरा-वीस दिवस गिरण बंद, गावोगावचं भात घरोघर पडून. म्हणून गिरण डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायची. तुसाच्या धुळीत डोळ्यांना दिसतंय तरी काय!

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा बायकांनी गिरणीत फक्त जेवणाचा डबा पोचवायचा, अशी रीत होती. एकदा मी डबा ठेवला आणि तिथेच घुटमळले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "काय गो, काय झालं?" मी म्हटलं, "मामंजी, ही आज अडखळतेय." ते मिशीत हसले. तरी उठले, गिरण थांबवली, रूळ उघडले. रबरात एवढा खिळा रुतून बसला होता. माझ्यापुढे काही बोलले नाहीत, पण जेवताना सासूबाईंना म्हणाले, "ह्या पोरीला गिरणीचा कान हाय." थोरले दीर मुंबईला, आमचे हे रोह्याला कंपनीत. दोन वर्षांत चावी माझ्या कमरेला आली. मामंजींच्या त्या एका वाक्यावर मी पस्तीस वर्षं मिरवलंय, खोटं कशाला सांगू?

कानाचं काम गिरणीपुरतंच नसतं बरं का. भात वाळलंय की नाही हे सुद्धा ऐकून कळतं. एक दाणा दाताखाली धरायचा. 'कट्' वाजला तर गिरणीत घाला, मुकाट्याने चेपला तर परत उन्हात. ओलं भात घातलं की सगळी कणी होते, आणि मग दोष गिरणवालीला. आमच्याकडे एक तात्या यायचे, भात नेहमी ओलं आणि तोंड नेहमी सुकलेलं. "चार दिवस उन्हात होतं गो, देवाशपथ!" मी दाणा चावला आणि म्हटलं, "तात्या, ऊन तुमच्या अंगणात पडतं की शेजारच्या?" रांग खो खो हसली. तात्या पोतं उचलून गेले ते आठवड्याने आले, आणि सगळ्यांसमोर स्वतःच एक दाणा 'कट्' करून मला ऐकवला. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे तेज होतं ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही मी पाहिलं नाही.

आणि दुसरं अजब गिऱ्हाईक म्हणजे हलीमाखाला. बोर्लीच्याच. वय ऐंशीच्या घरात, काठी टेकत येणार, पण पाठीचा कणा ताठ. नवरा होता तेव्हा जहाजावर, मुलगे आता आखातात. घरात बासमतीची थप्पी. तरी ही बाई आठवड्याला रिक्षात पिशवीभर भात घालून माझ्याकडे येणार आणि सांगणार, "अगे सुमन, पंख्याची झडप लाव. तूस, कोंडा, सगळा मिसळलेला दे मला. मी पाखडीन." आता पंखा आहे कशाला? मला वाटायचं, हिचा माझ्यावर विश्वास नाही, तुसाबरोबर मी हिचा तांदूळ ठेवून घेते असं वाटतंय हिला. एकदा फणकाऱ्याने म्हटलं सुद्धा, "खाला, तुसाचं करता काय एवढं? गाद्या भरता?" त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "ज्याचं त्याला म्हायीत." माझा संताप संताप झाला.

असो. सहा वर्षांपूर्वी दिवाळी सरली, नवं भात यायला लागलं, आणि एका सकाळी गिरण चालू असताना मला ती शिटी ऐकू आली. मी तिथल्या तिथे ओळखलं. बेअरिंग! आणि लगेच म्हसळ्याच्या बाळू मिस्त्रीला फोन केला.

बाळूभाऊंचं अंग असं की दारातून आत येताना उजेड अडतो. पण हात हलका. त्यांची तपासायची तऱ्हा अशी, की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं त्यांनी. मग मान हलवली, "व्हय वहिनी. वाजतंय. सुंई करून वाजतंय."

मी रांगेकडे असं बघितलं की बघा, आहे की नाही कान!

बेअरिंग बदललं. दुसऱ्या दिवशी शिटी होतीच. बाळूभाऊ परत आले, ऐकलं, म्हणाले, "दुसऱ्या बाजूचं असणार." तेही बदललं. तिसऱ्या दिवशी शिटी होतीच. आता मोटारीचं बेअरिंग काढलं. नवं घातलं, मोटार चालू केली, आणि मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "बाळूभाऊ, अजून आहे."

बाळूभाऊंचा चेहरा लालबुंद झाला. एवढ्या वर्षांत त्यांना चढलेल्या आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "वहिनी, मशीन ठणठणीत हाय! तुमच्या कानावर मी आता येणार न्हाय!"

मी काय गप्प बसणार? म्हटलं, "मग पहिल्या दिवशी तुम्हाला कसं वाजलं हो? तुमच्याच तोंडाने 'व्हय' म्हणालात ना?"

त्यावर त्यांनी भराभर पाने-पकडी गोळा केल्या, चहा तसाच टाकला आणि स्कूटरला लाथ मारून गेले. मला वाटलं, वरमले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार दिवसांनी ऐन दुपारी लाईट गेली. गिरण धापा टाकत थांबली, पट्टा दोनदा फटफटला आणि निपचित पडला. रांगेतल्या बायका पदराने वारा घ्यायला लागल्या. आणि शिटी चालूच.

मी मोटारीकडे बघितलं. दांड्याकडे बघितलं. उठून बेअरिंगवर हात ठेवला, गप्प. बाहेर रस्त्यावर गेले, शिटी माझ्याबरोबर रस्त्यावर आली. फणसाखाली गेले, फणसाखाली आली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि एकाला नाही, तीन तीन संन्याशांना. चोर माझ्याच कानात पाय पसरून बसला होता.

आता सांगताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही.  ज्या कानावर घर चाललं, ज्या कानाचा एवढा तोरा मिरवला, तोच आता खोटं बोलायला लागला. उद्या खरंच बेअरिंग ओरडलं तर मला कळणार कसं? कुठली शिटी गिरणीची आणि कुठली माझी?

आमचे हे त्याच वर्षी कंपनीतून सुटून घरी आले होते. म्हणाले, "सुमन, पुष्कळ झालं. चालवायला घेणारा माणूस तयार आहे. देऊन टाकू." त्यांनी मायेनेच म्हटलं, पण माझ्या काळजाला घरं पडली. मी म्हटलं, "ह्या कानाने मला आणखी एकदा फसवलं ना, तर चावी मी स्वतः तुमच्या हातात देईन. पण तोवर शब्द काढायचा नाही." ते म्हणाले, "ठरलं." मी बोलून बसले.

मग उपाय सुरू झाले. गिरणीच्या रांगेत भात भरडायला वेळ लागतो, सल्ला द्यायला लागत नाही. एकीने लसणीचं तेल सांगितलं, एकीने कांद्याचा रस. तात्यांनी तर, "दुसऱ्या कानाजवळ जोरात टाळी वाजव, घाबरून पळंल," म्हणून स्वतःच वाजवून दाखवली. एका बाईने नारळ ओवाळून टाकला, त्याचं खोबरं मात्र आम्ही गोड करून खाल्लं. लसणीच्या तेलाने कान असा भणभणला की शिटी बरी म्हणायची पाळी आली. शेवटी ह्यांनी मला माणगावला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांच्याकडे एक बंद खोपटी होती, भिंतींना गाद्या लावलेल्या. मला आत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. म्हणाल्या, "आवाज ऐकू आला की दाबायचं." मी बसल्या क्षणापासून दाबतच सुटले. म्हटलं, परीक्षेला आलोय तर पैकीच्या पैकी घेऊ. काचेपलीकडून त्यांनी हात केला, दार उघडलं आणि म्हणाल्या, "आजी, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही."

बाई चांगल्या. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कानाच्या आत बारीक केसांसारखं काहीतरी असतं, ते वर्षानुवर्षांच्या आवाजाने झडतं. मग वरच्या पट्टीतले आवाज आत पोचत नाहीत. मेंदू त्यांची वाट बघतो, आणि यायचे थांबले की आपलाच आवाज काढत बसतो.

मी म्हटलं, "म्हणजे हौदीत भात नाही आणि गिरण चालू!"

त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर."

"मग बंद कधी होईल?"

"कदाचित होणार नाही," असं त्यांनी सरळ तोंडावर सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. "पण तिच्याकडचं तुमचं लक्ष उठू शकतं. तिच्याशी भांडाल तितकी ती मोठी होईल. अगदी शांत जागी बसू नका, कसला तरी हलका आवाज सोबत ठेवा. गिरणीत कानांवर संरक्षण घाला, म्हणजे उरलेलं शाबूत राहील. आणि कानात तेल ओतू नका!" हे शेवटचं त्या ह्यांच्याकडे बघून बोलल्या, जसं काही ह्यांनीच ओतलं होतं.

कानांवर घालायच्या त्या वाट्या मी आणल्या. हेडफोनसारख्या दिसतात, पण गाणी वाजत नाहीत. पहिल्या दिवशी घातल्या आणि रडकुंडीला आले. बाहेरचा आवाज कमी झाला की आतल्या शिटीचं राज्यच सुरू. शिवाय वाट्या घालून गिरण ऐकायची कशी? मी त्या खुंटीला टांगल्या आणि पायरीवर जाऊन बसले. आणि त्याच वेळी रिक्षातून हलीमाखाला उतरल्या.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काठी भिंतीला लावली आणि शेजारी बसल्या. "काय झाला गो पोरी?"

मी सगळं सांगितलं. बेअरिंगं, बाळूभाऊ, चावी, सगळं. त्या ऐकत होत्या. मग स्वतःच्या कानावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझ्या हितं चाळीस वर्षं हाय."

मी म्हटलं, "काय सांगता!"

"घरवाले जहाजावर होते ना माझे. पयल्यांदा वाजली तेव्हा मला वाटला, आगबोट आली. धावत दारात गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठ दिवस मी दारात! सासू म्हणाली, हिला याद लागली नवऱ्याची." खाला तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, ऐंशी वर्षांची बाई, लाजून. "मग खरंच आले ते आणि शिटी तरी वाजतेच. तेव्हा कळला, ती आगबोट न्हाय."

"मग काय केलंत?"

"काय करणार? आधी भांडले. मग म्हटला, मेहमान हाय, जात न्हाय तर बसू दे. पण मेहमानासमोर नुसता बसायचा न्हाय, हाताला काम पायजे." त्यांनी पिशवीतून सूप काढलं. माझ्याकडून मूठभर तूस-तांदूळ मागून घेतला आणि पाखडायला लागल्या. सुपातले दाणे वर उडत होते, खाली पडत होते. सळ्ळ, सळ्ळ, सळ्ळ. "ऐक. आता तुझी शिटी कुठं हाय?"

मी ऐकलं. शिटी होती, पण सुपाच्या आवाजाखाली गेली होती. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला खालांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही. एवढी वर्षं ही बाई पंख्याची झडप लावायला का सांगत होती, ते आता मला समजलं. घरात बासमतीची थप्पी असून तिला निवडायला काहीतरी हवं होतं. आणि मी म्हणत होते, गाद्या भरता का!

तेव्हापासून मी शिटीशी भांडण सोडलं. संध्याकाळी ह्यांच्या सुपारीच्या वाडीत पाटाला पाणी सोडलं की तिथे जाऊन बसते. पाण्याचा आवाज शिटीला चांगला मानवतो. झोपताना उन्हाळा असो की थंडी, टेबलफॅन फिरता ठेवते, ह्यांना थंडी वाजली तर गोधडी आहे. हे स्वतःही उपायात मोडतात. कंपनीतल्या गोष्टी सांगायला लागले की शिटी कंटाळून गप्प होते. आणि दुपारी सूप. कधीकधी तास तास मला तिची आठवणही येत नाही, आणि "अरे, आज वाजली नाही वाटतं," असं म्हणताक्षणी ती हजर होते. मग मी म्हणते, ये बाई, बस.

पण मुख्य प्रश्न तसाच होता. गिरण मी ऐकणार कशी?

त्याचा निकाल त्याच हंगामात लागला. हलीमाखालांच्या नातीचं लग्न निघालं. दावतीला आपल्याच शेताचा तांदूळ हवा, अशी त्यांच्याकडे रीत. आदल्या दिवशी सकाळी टेम्पोतून भाताची बारा पोती उतरली. खाला स्वतः ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या. मागे दहा-पंधरा माणसांची रांग. तात्याही होते, कारण जिथे गर्दी तिथे तात्या.

चौथं पोतं चाललं होतं. मी आता शहाण्यासारख्या वाट्या घालूनच काम करत होते. तात्यांनी हातवारे करून काहीतरी विचारलं, म्हणून मी एक वाटी बाजूला केली. आणि ऐकलं. माझी शिटी होती, तिच्या जोडीला आणखी एक. तशीच बारीक, पण थोडी खरखरीत, जाड्याभरड्या पिठासारखी.

 पुन्हा कान! आता ही तिसरी कोण जन्माला आली? गिरण थांबवावी आणि काही निघू नये, म्हणजे सगळ्यांसमोर शोभा, दावतीचा तांदूळ अडकवल्याचं पाप, आणि ठरल्याप्रमाणे चावी ह्यांच्या हातात. हे समोरच पोत्यांची तोंडं सोडत उभे होते.

मी वाटी परत कानावर लावली. जाडी शिटी गेली, माझी राहिली. काढली, जाडी आली. लावली, गेली. काढली, आली. असं मी चार-पाच वेळा केलं. रांगेतली माणसं टकामका बघायला लागली. तात्या म्हणाले, "वहिनीला झटका आला की काय?" पण मला चोर सापडला होता. अहो, साधी गोष्ट! कान झाकला की जी जाते ती गिरणीची, आणि जी राहते ती माझी. ज्या वाट्यांना मी दोन महिने शिव्या घातल्या, त्यांनीच मला माझा कान परत दिला.

मी बटण दाबलं. गिरण थांबली. "ह्या बाजूचं बेअरिंग गेलंय," मी म्हटलं.

ह्यांनी विचारलं, "सुमन, नक्की?"

"नक्की. बाळूभाऊंना फोन करा."

बाळूभाऊ फोनवर म्हणाले, येणार न्हाय. मग खालांनी ह्यांच्या हातातून फोन घेतला. काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, पण "बारात" आणि "तुझा बाप पण आला असता" एवढं आलं. पाऊण तासात स्कूटर दारात.

बाळूभाऊ आले ते थेट मशीनकडे गेले. आज त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावलाही नाही, सरळ पाना घेऊन बेअरिंगचं घर उघडलं. हात लावला आणि "आयला!" म्हणून झटकला. चटका बसला होता. आतलं कडं तडकून निळं पडलेलं, दोन गोळ्या फुटलेल्या. त्यांनी फडक्यात धरून ते बाहेर काढलं, उजेडात फिरवलं आणि हळूच म्हणाले, "दोन महिन्यांमागं मीच घातलेलं, माल खोटा निघाला. अजून दोन पोती घातली असती तर दांडा गेला असता."

रांगेत एकदम कल्ला झाला. तात्यांनी टाळ्या वाजवल्या, ह्या वेळी उपाय म्हणून नाही. ह्यांनी माझ्या कमरेच्या चावीकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसले. आणि मी? मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. आनंदानेच.

बाळूभाऊंनी पिशवीतून नवं बेअरिंग काढलं, घातलं, आणि तासाभरात गिरण पुन्हा फिरायला लागली. दुपारपर्यंत सगळ्यांचं भात निघालं, तात्यांना मी कान झाकायची युक्ती समजावली आणि लोक पांगले, पण बाळूभाऊ आवराआवर करत रेंगाळले. मी चहा दिला. त्यांनी तो घेतला, म्हणजे भांडण मिटलं. मग इकडेतिकडे बघून एवढा मोठा माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, ते मघाशी तुम्ही तात्यांना काय सांगत होता? कान झाकल्यावर काय राहतं?"

"जी राहते ती आपली," मी म्हटलं.

बाळूभाऊंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. डोळे मिटले.  डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"राहते वहिनी. पाच वर्षं झाली. कुणाला बोललो न्हाय. कान गेलेल्या मिस्त्रीला बोलावणार कोण?"

आणि मला तो पहिला दिवस आठवला. स्क्रू-ड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले, आणि "व्हय वहिनी, वाजतंय." वाजणारच हो! तिसरं बेअरिंग बदलूनही त्यांची शिटी तशीच होती. ते माझ्यावर ओरडले नव्हते, घाबरले होते. मी पायरीवर बसून रडले होते, आणि ते स्कूटरला लाथ मारून गेले होते, एवढाच काय तो फरक. दोन बहाद्दर, दोघांच्या कानांत शिट्या, आणि फासावर गेली बिचारी बेअरिंगं!

मी हसायला लागले ते थांबेचना. आधी ते गोंधळले, मग तेही हसले, मग ओसरीवरून खाला ओरडल्या, "काय झाला, मला पण सांगा!" सांगितलं. त्यांनी बाळूभाऊंना समोर बसवलं आणि मांडीवर सूप ठेवलं.

माणगावच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना पुढच्याच आठवड्यात नेलं. त्यांच्या स्कूटरच्या हँडलला आता कानांच्या वाट्या लटकलेल्या असतात, आणि तपासायची त्यांची तऱ्हाही बदलली आहे. आधी कानांनी, मग कान झाकून, मग तळहाताने. आमच्या भागात त्यांच्याइतका खात्रीचा मिस्त्री आजही नाही, हे मी लिहून देते.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. दावतीच्या तांदळातला थोडा खालांनी तिघांच्या सुपात घेतला. पंख्यातून निघालेला, साफ, एक खडा नाही की तूस नाही. तरी आम्ही तिघं ओसरीवर पाखडत बसलो. मी आणि खाला सराईत. बाळूभाऊंच्या सुपातले निम्मे दाणे अंगणात, कोंबड्यांची दावत एक दिवस आधीच झाली. सळ्ळ, सळ्ळ, सळ्ळ. 

बऱ्याच वेळाने बाळूभाऊंनी हात थांबवला, मान वर केली आणि लहान मुलासारखं आश्चर्याने म्हणाले, "वहिनी, आता न्हाय वाजत."

मी म्हटलं, "वाजतंय हो. आपलं लक्ष नाही, एवढंच."

आणि त्यांच्या सुपात आणखी दोन मुठी तांदूळ टाकले.